तुझ्या गाडीची वाचा गेली त्याची हकीकत

ती. दादास,

शिरसाष्टांग नमस्कार (गुडघ्यांनी परवानगी दिली तेवढाच). वहिनीची पाठ कशी आहे? तुझी तब्येत विचारत नाही, विचारलं की तू सांगत बसतोस. आम्ही दोघं ठीक आहोत. गाडीही आता ठीक आहे, पण मध्यंतरी मुकी झाली होती, आणि ती तूच आम्हाला विकलेली असल्यामुळे सगळं ऐकून घेणं तुझं कर्तव्य आहे.

चार महिन्यांपूर्वी तिच्या टेपने (टेप म्हटलं की तुझ्या मेहुण्यांना राग येतो, साउंड सिस्टिम म्हणायचं) अचानक मान टाकली. चौदा स्पीकर, पण एकातूनही हूं की चूं नाही. कंपनीच्या वर्कशॉपमधल्या टायवाल्याने अर्धा दिवस कॉम्प्युटर जोडून सांगितलं, की आतला मूळ ॲम्प्लिफायर गेलाय आणि तो आता बनत नाही. एवढं सांगून तो कॉफी प्यायला गेला. तेही मी सोसलं असतं रे! पण दुसऱ्या दिवशी गाडी सुरू झाली आणि हे गायला लागले.

लग्नाला सव्वीस वर्षं झाली, हा माणूस कधी न्हाणीघरातसुद्धा गुणगुणला नव्हता. आणि आता मला लायब्ररीत सोडताना तासभर, परत आणताना तासभर! सूर एकीकडे, शब्द दुसरीकडे. दिवसभर मी लोकांना शांत बसा म्हणून सांगायचं आणि घरी जाताना हे ऐकायचं. कान किटले माझे. एकदा खिडकी उघडली, तर सिग्नलला शेजारचा स्कूटरवाला काळजीने बघायला लागला. लावून घेतली.

शेवटी मीच स्टेशनमागच्या गल्लीतला टेपवाला गाठला. हा तोंडात बॅटरी धरून काम करतो आणि ती न काढताच बोलतो. त्याने चारही दारांची आतली कव्हरं उतरवली, तीन दिवस वायरींचा गुंता केला, आणि बाहेरच्या कंपनीचा सेट, ॲम्प्लिफायर, स्पीकर असं सगळं नवं बसवलं. पहिलं गाणं लागलं मात्र, हे गप्प! माझा जीव भांड्यात पडला.

पण या महागड्या गाड्यांचं सगळंच एकमेकांत अडकलेलं. रिव्हर्सची पीं पीं, बेल्टची टिंग टिंग, इंडिकेटरची टकटक, सगळं त्या जुन्या ॲम्प्लिफायरमधून यायचं, हे कुणाच्या बापाला ठाऊक? हे पीं पींच्या भरवशावर खुशाल मागे गेले ते थेट शेजारच्या डेंटिस्टबाईंच्या पत्रपेटीवर (उभी होती, आता आडवी आहे. बाई अजून बोलतात आमच्याशी, पण तोंड फारसं उघडत नाहीत). मग पीं पींच्या जागी माझी नेमणूक झाली. आठवडाभर रोज सकाळी खांद्याला पर्स लावून गाडीमागे उभं राहायचं आणि ओरडायचं. भिंत जवळ आली की जलद ओरडायचं, अशी सूचना होती. बाईंचे पेशंट गाल धरून बघायचे.

टेपवाल्याने मग काडेपेटीएवढा डबा जोडला आणि गाडीला वाचा फुटली. पण पहिल्या दिवशी इंडिकेटर बोलला तो डिकीतल्या मोठ्या स्पीकरमधून. आत कुणाला तरी कोंडलंय असं वाटून चौकातल्या पोलिसाने डिकी उघडायला लावली! तेही आता निस्तरलं. गाडी बोलते, सेट गातो, हे गप्प असतात.

वहिनीला सांग, पाठ शेकत जा.

यशस्वी झालेली,
तुझी धाकटी

ता. क. खरं सांगू? गेले पंधरा दिवस गाडीत चुकल्याचुकल्यासारखं होतंय. मी त्यांना फार बोलले रे. तू त्यांना सहज म्हणून लिही, की गाणं पुन्हा सुरू करा. मी सांगितलं म्हणू नकोस. (पत्ता घालायला पाकीट यांच्याचकडे देतेय, पण माझी पत्रं लांब असतात म्हणून हे वाचत नाहीत.)

आणखी एक ता. क., वेगळ्या अक्षरात. दादा, सा. न. पत्र वाचलं. मला गाण्याची हौस नाही. वेग जरा वाढला की गाडीच्या पोटातून खडखड येते, चढावर जास्त. आणखी एक बिघाड निघाला तर गाडी भंगारात, असं हिने बजावलंय. टेप होता तोवर त्याच्या आवाजात ती झाकली जायची, तो गेल्यावर गळ्याशिवाय इलाज नव्हता. आता ती खडखड नव्या सेटच्या आवाजातही दबेनाशी झालीय. तुम्ही यावर काय करत होतात ते माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर कळवा. तोवर हिची एवढी इच्छाच आहे, तर सोमवारपासून पुन्हा गातो.