ग्रंथाची वाटणी

प्रिय धाकटे,

अक्षर बघूनच ओळखलं असशील. फोन न करता पत्र का लिहिलं, असं वाटेल तुला. पण फोनवर मला हे ओळीने सांगता आलं नसतं, आणि एकमेकींशी फोनवर बोलायची आपली सवयही मोडली आहे. तुझ्या लेकीला नोकरी लागल्याचं आत्याबाईंकडून कळलं. बरं वाटलं. तिचा हट्टीपणा शेवटी उपयोगी पडला म्हणायचा. आता चहा करून घे आणि निवांत बसून वाच. भाऊजींना इतक्यात दाखवू नकोस.

आपल्या ग्रंथाला ओल लागली. आपल्या म्हणजे आमच्याकडच्या अर्ध्याला. कपाटामागच्या भिंतीत वरच्यांचा नळ झिरपत होता आणि आम्ही डांबरगोळ्या टाकून निर्धास्त. फडकं सोडलं तर भस्सकन आंबूस वास आला. पुठ्ठ्यावर बुरशीची पांढरी साय धरलेली, कडेची पानं एकमेकांना चिकटलेली, आजेसासऱ्यांनी लाल शाईने लिहिलेले अध्यायांचे मथळे फुटून समोरच्या पानावर उमटलेले. मामंजींनी हात धुतल्याशिवाय ज्याला कधी कुणाला शिवू दिलं नाही, त्याची ही दशा. मी तो मांडीवर घेऊन जमिनीवरच बसून राहिले.

इथल्या ग्रंथालयात जुनी पुस्तकं दुरुस्त करणाऱ्या एक बाई आहेत. मी त्यांना बांधणीबाई म्हणते. तोंडाने फटकळ, हाताने हळुवार. मी म्हटलं, उन्हात वाळवू का, तर म्हणाल्या, "धुणं आहे का ते?" बांधणी मी करीन, पण वाळवण्याचं काम घरीच करावं लागेल, रोज कुणीतरी लक्ष द्यायला हवं, असं त्यांनी सांगितलं आणि सगळं करून दाखवलं. पंखा अगदी मंद ठेवायचा. पानांच्या मधे टीपकागद घालायचे, ते दमट झाले की बदलायचे. बुरशी सुकल्यावर नाकाला फडकं बांधून मऊ ब्रशने झटकायची. चिकटलेली पानं ओढायची नाहीत, मधे पातळ पट्टी सरकवत जेवढी सुटतील तेवढीच सोडवायची आणि उरलेली उद्यावर टाकायची. तुला माहीतच आहे मी किती उतावळी. एका पानाचा कोपरा गेलाच माझ्या हातून. पण पुढे हात बसला. जेवणाचं टेबल ग्रंथाला दिलं आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात ताटं हातात घेऊन जेवू लागलो.

मी काम करत असले की हे टेबलाशी येऊन उभे राहायचे. एकदा विचारलं, "बाकीची पानं कुठं आहेत?" मला वाटलं, झाली टोमण्यांना सुरुवात. आधीच पाठ भरून आलेली, माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "तुमच्या भावाला विचारा." त्यावर एरवी केवढं रामायण झालं असतं! पण हे आत निघून गेले.

तो दिवस तू विसरली नसशीलच. भांडीकुंडी वाटून झाली, खोल्या वाटून झाल्या, आणि घोडं अडलं ते ग्रंथावर. हे म्हणत, थोरला मी, रोज वाचतो मी. भाऊजी म्हणत, बाबांच्या आजारपणात उशाशी बसून वाचून दाखवला तो मी. शेवटी आत्याबाई कावून म्हणाल्या, "मग करा त्याचे दोन तुकडे!" बिचारीला वाटलं, एकजण तरी कानांवर हात ठेवील. तर दोघेही एका सुरात म्हणाले, "चालेल!" सख्ख्या भावांचं जन्मात एकदाच एकमत झालं, ते असं. आपण दोघी पदर तोंडात धरून हसू दाबत होतो. मग यांनी खरोखरच ब्लेड आणून शिवण कापायला घेतली, तेव्हा तू माझा हात घट्ट धरलास. आणि कापता कापता हे भाऊजींना म्हणाले, "मरणाऱ्याच्या उशाशी बसून तू वाटणीच वाचत होतास." भाऊजी उठले. आपला वाटा उचलून निघाले. उंबऱ्यात तू एकदा वळून बघितलंस, तेवढंच.

वाळलेली पानं घेऊन मी गेले, तर बांधणीबाईंनी शिवणीकडची बाजू बोटाने चाचपली. म्हणाल्या, "हे कसरीने खाल्लेलं नाही. हे कुणीतरी कापलंय." मग सांगावंच लागलं. त्या म्हणाल्या, "अर्ध्याला पुठ्ठा घालून देईन. पण दुसरा अर्धा आणलात तर ग्रंथ ग्रंथासारखा होईल. कुठं आहे तो?" मी म्हटलं, "दिरांकडे." "लांब राहतात?" "एका बसचं अंतर आहे." "मग?"  पानं तिथेच ठेवून मी घरी आले.

घरी येऊन बघते तर सगळं कपाट पलंगावर रिकामं केलेलं. हे गाद्या उचलून खाली बघत होते, घामाघूम झालेले. म्हटलं, अहो, काय शोधताय? तर दबक्या आवाजात म्हणाले, "ग्रंथाची पानं सापडत नाहीत. धाकट्याला कळू देऊ नकोस. रडत बसेल तो." मी गाद्या पुन्हा घातल्या, कपडे आत ठेवले. त्यांना पाणी दिलं. मग मीही प्यायले.

नंतर त्यांना डॉक्टरांकडे नेलं. त्यांची स्मृती चालली आहे, धाकटे. डॉक्टर म्हणतात, अलीकडचं आधी पुसलं जातं, जुनं मागे राहतं, पण तेही कायमचं नाही. वाटणी, ब्लेड, ते बोलणं, यातलं काहीच यांना आता आठवत नाही. भांडण विसरलेत, भावाला अजून विसरलेले नाहीत. रोज दुपारी दाराकडे बघत बसतात आणि धाकटा अजून कसा आला नाही म्हणून माझ्यावर चिडतात. भाऊजींच्या बाजूने बघितलं तर हे बरोबर नाही, ते मला कळतं. त्या बोलण्याची माफी त्यांना यांच्याच तोंडून मिळायला हवी होती, आणि ती आता मिळायची नाही. भाऊजी रागावले तर रागावू दे. त्यांचा राग रास्त आहे, तू मधे पडू नकोस. तुमच्याकडची पानं आणलीत तर बांधणीबाई दोन्ही अर्धे एकत्र शिवतील. द्यायची नसतील तर राहू देत तुमच्याकडेच, मी त्यावर एक अक्षर बोलणार नाही. पण यांना धाकट्याचा चेहरा ओळखू येतो आहे, तोवर भाऊजींना घेऊन ये.

तुझीच, थोडी थकलेली,
थोरली