चादरींवरची गाठ

३ नोव्हेंबर

सूनबाई, लिही. मी बोलते तसंच लिही, सुधारू नकोस!

कपबशी खाली ठेवली आहे. 

आमच्या आश्रयघराला दान मागायचं नाही, काम मागायचं, असं मी आयुष्यभर ओरडत आले. म्हणून हे धुलाईघर. घर सोडून आलेल्या बायका रुग्णालयाच्या चादरी धुतात, इस्त्री करतात, गठ्ठे बांधतात. अक्षर कुणाला येतं? मला तरी कुठे! म्हणून प्रत्येकीची गाठ वेगळी. गाठ बघून कळतं, काम कोणाचं. युक्ती माझी. भाषणांत मिरवलीही. टाळ्या पडायच्या!

आज गठ्ठे पोचवणारा गाडीवाला म्हणाला, "आजी, वॉर्डातली आया सांगत होती, कोणीतरी विचारत होतं. ही दुहेरी पिळाची गाठ कोण बांधतं म्हणून."

ती गाठ गुपचूपची. फारशी बोलत नाही, म्हणून हे नाव. नवऱ्याने हात मोडला तेव्हा आली.

तोच शोधत आला की काय?

४ नोव्हेंबर

फोन वाजला. आमचा नंबर गठ्ठ्यांवर छापलेला असतो. पलीकडे नुसता श्वास. "बोला की! तोंडात गुळणी धरलीय का?" — पलीकडून फोन ठेवला.

गुपचूपला सांगितलं. पांढरीफटक पडली. "तोच. त्याचा डबा मी ह्याच गाठीनं बांधायचे."

५ नोव्हेंबर

व्यवस्थापिका म्हणते, "गाठी बंद करा, आजी. प्रत्येकीला नंबर देऊ." बरोबर आहे तिचं, म्हणून जास्तच राग आला. नंबर द्यायला हा तुरुंग आहे?

उलट केलं. सगळ्याजणी गुपचूपचीच गाठ मारा. आता शोध म्हणावं!

दुपारभर सगळ्या शिकत बसल्या. इस्त्रीवाली म्हणाली, "आजी, तुमची गाठ बघून तो म्हणेल, बायको एकदम म्हातारी झाली." हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात फोन वाजला. सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले.

पुन्हा नुसता श्वास.

६ नोव्हेंबर

आमच्या दाराला दिवसा कधी कडी नसते. दार वाजवून थांबावं लागलं की बाईचा धीर सुटतो, ती परत फिरते. हा नियमही माझाच.

आज कडी मी लावली.

सगळ्यांना वाटतं, आजी कोणाला भीत नाहीत. भीते गं. पायरीवर पाऊल वाजलं तरी छातीत धस्स होतं. — हे लिहू नकोस, सूनबाई. लिहिलंस? राहू दे मग.

७ नोव्हेंबर

फोन नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.

८ नोव्हेंबर

दुपारी थाप पडली. मी काठी उचलली — चालायला नव्हे! फटीतून पाहिलं. माझ्याच वयाची बाई. ओठ फुटलेला. काखेत बोचकं, त्यावर दुहेरी पिळाची गाठ.

"वॉर्डात पडून होते, तिथे ही गाठ दिसली. सुनेला मीच शिकवलेली. फोन करायचे, पण तोंडच उघडेना," म्हणाली. "ती गेल्यापासून मुलगा मला मारतो. ती नको म्हणाली तर जाते परत."

गुपचूप माझ्या मागे उभी होती. कडी तिनेच काढली.