सरळ क्रँक सरळ केल्याची हकीकत

आदरणीय दाजी,

पाठीमुळे तुम्हाला सध्या कुणापुढे वाकता येत नाही असं कळलं, म्हणून तुमच्या वाट्याचा आणि माझ्या वाट्याचा असे दोन्ही नमस्कार इथून मीच वाकून केले आहेत, ते पोहोचले असं समजावं. पाठ कशी आहे? शेक घेताय ना? ताईची तब्येत विचारत नाही, कारण ती बिघडली की घरातल्या बाकीच्यांची बिघडते. भाच्याचा दात पडला का, की अजून जिभेनं हलवतच बसलाय? मी इथे मजेत आहे. गेल्या आठवड्यात नव्हतो, त्याचीच ही हकीकत.

मी एका जागी टिकत नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं. बेकरी सोडली, लाँड्री सोडली, छापखान्यातून तर दुपारच्या सुट्टीत बाहेर पडलो तो परत गेलोच नाही (माझा डबा अजून तिथेच असेल, उघडायची कुणाची हिंमत होणार नाही). म्हणून तुम्ही इथल्या इंजिन दुरुस्तीच्या वर्कशॉपच्या मालकीणबाईंकडे शब्द टाकलात तेव्हा त्यांनी मला तोंडावर सांगितलं, "तुझ्या दाजींकडे बघून ठेवतेय. पार्ट धुवायच्या टाकीवर राहा. हातात काही आहे असं दिसलं तर दुरुस्तीच्या टेबलावर घेईन, नाहीतर आल्या वाटेनं जा." तेव्हापासून मी टाकीवर. अंगात रॉकेल असं मुरलंय की बसमध्ये शेजारची जागा मला कायम मोकळी मिळते.

तर आमच्याकडे चिखल्या आला. चिखल्या हे गिऱ्हाईक. एटीव्ही म्हणून चार जाड चाकांची आणि मोटरसायकलच्या हँडलची गाडी असते, ती घेऊन तो डोंगरात शर्यती खेळतो आणि गाडीपेक्षा जास्त माती स्वतः घेऊन येतो. त्याला इंजिनात मोठा पिस्टन हवा होता. पिस्टन मोठा की क्रँकला हिसकाही मोठा. आता क्रँक म्हणजे काय (तुम्ही कापडवाले, तुमच्या ओळखीची सरळ वस्तू म्हणजे मीटरपट्टी), तर दोन जाड लोखंडी चकत्या, त्यांना बाहेरच्या बाजूनं एकेक दांडा, आणि मधे दोघींना धरून ठेवणारी एक पिन. ही पिन नुसती दाबून बसवलेली असते. जोराचा हिसका बसला की चकत्या तिच्यावर जरा फिरतात आणि जुन्या नवरा-बायकोसारखी दोघांची तोंडं दोन दिशांना होतात (तुमचं म्हणत नाही). म्हणून क्रँक आधी सरळ करायचा, मग पिनेला वेल्डिंगचे टाके घालायचे, आणि मग तापून वाकडा झाला नाही ना, हे पुन्हा बघायचं.

हे काम हळूकाकांचं. हळूकाका आमचे लेथवाले. चहा फुंकून गार केला तरी पिण्याआधी आणखी एकदा फुंकतात. त्यांनी क्रँक सरळ करून ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी पायरीवरून पडून उजवा हात प्लास्टरमध्ये घातला (पडले तेही हळूच, म्हणून एकाच हातावर निभावलं). शर्यत तोंडावर. मालकीणबाईंनी माझ्याकडे बघितलं, छताकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "कर तू. जमलं तर सोमवारपासून टेबल तुझं. बिघडवलंस तर टाकीवरही दिसू नकोस."

दाजी, टाके काय सुरेख पडले म्हणून सांगू! बेअरिंगला ओलं फडकं गुंडाळलं, थोडं या बाजूला, थोडं त्या बाजूला, उष्णतेनं ओढ बसू नये म्हणून मधे थांबत थांबत. मी आणि थांबत थांबत! मग दोन्ही दांडे टेकूंवर ठेवले, वर डायलचा काटा टेकवला आणि क्रँक हातानं फिरवला. काटा गप्प राहिला तर क्रँक सरळ. काटा टुणकन उडाला. पुन्हा फिरवला, त्याच जागी पुन्हा उडाला. म्हटलं, संपलं, तापून वाकला. घेतला तांब्याचा हातोडा आणि ठोकला. काटा उडायचा तो उडतच राहिला, शिवाय आता हलायलाही लागला. पलीकडून ठोकला, तर तिसरंच काही. काका स्टुलावर प्लास्टर मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, "काटा उडतोय की सरकतोय?" मी म्हटलं, "काका, काट्याचं मी बघतो हो." काका म्हणाले, "बरं."

दुपारपर्यंत मी त्याला पार बडवला. शेवटी हातोडा ठेवला, बाहेर एक चक्कर मारली, आणि परत आलो ते क्रँक मालकीणबाईंच्या हातात देऊन निरोप घ्यायलाच. पण बिघडलेली वस्तूही पुसून द्यावी, एवढं टाकीनं शिकवलंय. दांडा पुसायला घेतला तर फडक्याचा दोरा अडकला. नख फिरवलं. मिठाच्या कणाएवढा शिंतोडा, माझ्याच वेल्डिंगचा, बरोबर तिथे चिकटलेला जिथे दांडा टेकूवर बसतो! तो खाली आला की दांडा उचलला जायचा आणि काटा उडायचा. क्रँक बिचारा सरळच होता हो. सरळ माणसाला "सरळ हो, सरळ हो" म्हणत मी अर्धा दिवस बडवला होता.

"काका, उडत होता," मी म्हटलं.

"वाकडा दांडा काटा सरकवतो. कचरा उडवतो."

"मग सांगायचं नाही का?"

"काट्याचं तू बघणार होतास ना."

शिंतोडा घासून काढला. उडणं थांबलं आणि खाली उरला तो निव्वळ माझ्या हातचा वाकडेपणा. काका डाव्या हातानं खडूची खूण करत, मी तिथे हलकेच ठोकत असे. एक टाका तडकला होता, तो पुन्हा घातला, यावेळी शिंतोडे उडू नयेत म्हणून दांड्यांना फडकी बांधून. कुणीतरी दिवे लावले तेव्हा लक्षात आलं, मी स्टुलावरून उठलोच नव्हतो. काटा झोपलेल्या मांजरासारखा पडून होता. मालकीणबाई आल्या, क्रँक फिरवून बघितला. "हे हातोड्याचे वण कुणाचे?" "माझे." "घासू नकोस. राहू देत." आणि गेल्या.

सोमवारपासून टेबल माझं. चिखल्या शर्यतीत खालून दुसरा आला, पण इंजिन शेवटपर्यंत चालत होतं. शेवटचा आला त्याचं बंद पडलं होतं. मला इथे बरं वाटतंय, दाजी. हे वाक्य मी याआधी कुठूनही लिहिलेलं नाही.

तुमचा मेहुणा

ता. क. हे पत्र मुद्दाम दुकानाच्या पत्त्यावर टाकलंय, घरी नेऊ नका. ती जी बाहेर चक्कर मारली, त्यात मी ताईला फोन करून सांगितलं की नोकरी सोडली, महिनाअखेर घरी येतो, कायमचा. ती चिडली असती तर मिटलं असतं. पण ती खूश झाली, हीच पंचाईत. तुमच्या कापडाच्या ताग्यांची खोली तिनं रिकामी केलीय म्हणे, आणि मला तुमच्या गल्ल्यावर बसवणार आहे. तर मी येत नाहीये, एवढं तिला तुम्ही सांगा. (तुमचा गल्लाही त्यात वाचतोय.)

पुन्हा ता. क. जेवताना सांगू नका, वाढणं तिच्या हातात असतं. आणि ती "लाव त्याला फोन" म्हणाली तर सांगा, त्याचा फोन दुरुस्तीला टाकलाय. टाकलेला नाही, पण हे पत्र पोहोचायच्या आत नक्की टाकतो.