राजेश्वरीबाईंची सही

शिर्डी, ६ जानेवारी २०२५

चि. बनूस,
अ. उ. आ. फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून पुन्हा पेन धरलं. कल्याण आणि सूनबाई सकाळी कामावर जातात ते दिवे लागल्यावर येतात. कॉलनीतली घरं सगळी सारखी, दारं दिवसभर लावलेली. मला फार एकटं वाटतं गं. दारापुढं ओटा असता तर कोणी टेकलं असतं, चार शब्द झाले असते. म्हणून सोसायटीत अर्ज टाकला.

बाहेरून वीटभर बदल करायचा तरी शेजाऱ्यांच्या सह्या लागतात. बाकीच्यांनी दारातच सही केली, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. शेजारच्या राजेश्वरीबाई तेवढ्या अडून बसल्यात. म्हणे ओट्यावर बायका जमतील, दुपारची झोप मोडेल. रोज जाते समजूत घालायला. बाई हट्टी, पण चहा झकास करते. साखर मात्र हात राखून!

उत्तर लवकर लिही, माया असू दे.
तुझी थोरली बहीण,
केशरअक्का


पाथर्डी, १५ जानेवारी

ती. अक्कास,
बनूचा शि. सा. न. वि. वि. आगं, निम्मं पत्र त्या बाईचंच हाय की! मला न्हाई वाटत तुला सहीची घाई हाय. ओटा ऱ्हाऊ दे, तू आपली जात ऱ्हा.

हितं ओटे लई हायेत, पन समदी आळी ऊसतोडीला गेली. पाडव्यापतुर मी आन् माझी शेरडं.

जिवाला जप. लोभ हाय तसा ऱ्हाऊ दे.
तुझी,
बनू


शिर्डी, २ मार्च

चि. बनूस,
अ. उ. आ. सही मिळाली. राजेश्वरीबाई स्वतः घरी येऊन करून गेल्या. मुलीकडं बेलापूरला कायमच्या राहायला निघाल्या होत्या. म्हणाल्या, झोपेचं काही खरं नव्हतं, दुपारी डोळा लागतोच कुठं? सही दिली तर तुम्ही यायच्या बंद व्हाल, म्हणून अडवून धरलं. मलाही घाई नव्हती, हे सांगायचं होतं. पण सामानाचा टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, बाई बसून गेल्यासुद्धा. दार लावून पोटभर रडले.

ओटा बांधून झालाय, दोघींपुरता. त्यांच्या भिंतीकडंच का घेतला, तिकडं तर ऊन येतं, असं कल्याण विचारत होता. संध्याकाळी एकटीच बसते. त्यांच्या दाराला कुलूप आहे.

पाडव्याची वाट बघू नको. शेरडं कुणाच्या तरी गळ्यात घाल आणि ये. चहा मी करीन. साखर हात राखूनच असेल, आता तीच सवय लागलीय.

वाट बघणारी,
अक्का