डिलिसची पिशवी

२ मार्च, सोमवार
आले बाई एकदाची! लार्क हाऊसमध्ये मला माळ्यावरची खोली मिळाली आहे, खिडकीतून समुद्र दिसतो. बौद्धिक अपंगत्व असलेले आठ जण इथे राहतात, त्यांची देखभाल हेच माझं काम. इथल्या प्रमुख प्रॉसरबाईंनी स्वतः चहा करून दिला. म्हणाल्या, पोरी, इथे आपण सगळी एका घरातली माणसं. मोबाइल मात्र त्यांच्या कपाटात ठेवायचा, आणि बाहेरच्या दाराला आकड्यांचं कुलूप, कोणी चुकून रस्त्यावर जाऊ नये म्हणून. मला ते पटलं.

८ मार्च, रविवार
साठीची डिलिस अवाक्षर बोलत नाही, पण हाताला लागेल ते आपल्या कापडी पिशवीत टाकते. माझा कंगवा गेला तेव्हा जोडीला काम करणारा गेथिन हसून म्हणाला, आता रविवारपर्यंत जटा वाढव! दर रविवारी डिलिस बहिणीकडे, बेतीमावशींकडे, जेवायला जाते. बेतीमावशी पिशवी रिकामी करतात आणि संध्याकाळी एकूणएक वस्तू प्रॉसरबाईंच्या हातात परत देतात. कंगवा आलाच, वर मनुकांच्या केकचा तुकडा. इतकी सरळ बाई मी पाहिली नाही.

११ मार्च, बुधवार
आयव्हरला आंघोळ घालताना त्याच्या दंडावर चार बोटांचे वळ दिसले. चाळिशीचा धिप्पाड माणूस, गावातल्या सगळ्या बसचे नंबर तोंडपाठ. पण गेथिनच्या किल्ल्या वाजल्या की डोकं हातांत लपवतो. नोंदवहीत मागची पानं चाळली. पडला. पडला. पडला. मी लिहिलं, "बोटांचे वळ."

१२ मार्च, गुरुवार
माझं पान वहीत नाही. त्या जागी नवं पान, "पडला", आणि खाली माझी सही. मी ती केलेली नाही! गेथिन म्हणाला, नवी आहेस, होईल डोळ्यांना सवय. दुपारच्या सुट्टीत पोस्टातून अशा घरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी तपासणी कार्यालयाला फोन केला, नावानिशी सगळं सांगितलं.

१६ मार्च, सोमवार
कार्यालयाने चौकशी केली — प्रॉसरबाईंकडेच. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! बाई रागावल्या नाहीत, तेच भयंकर वाटलं. म्हणाल्या, थकलीस पोरी, वर जाऊन पड. दाराचे आकडे बदललेत. मोबाइल देत नाहीत. चहा कडू लागला.

२१ मार्च, शनिवार
चहा प्यायला की दिवसभर झोप यायची — म्हणून आता तो बेसिनमध्ये ओतते. कप ठेवायला खाली गेले, वही उघडी होती. माझ्या नावाचं पान. "चिडचिड. जेवण नाकारलं. भास होतात." आणि खाली, उद्याची तारीख घालून — "जिन्यावरून पडली."

२२ मार्च, रविवार
सकाळ. डिलिस वर आली आहे. पिशवी उघडून माझ्यासमोर धरली — आम्ही समजायचो, हिला काही कळत नाही —
तिची पिशवी इथे कोणी तपासत नाही —
किल्ल्या. जिन्यात.
बेतीमावशी, आयव्हरचे दंड बघा. पोलिसांकडे जा — प्रॉसरबाईंकडे नाही. देवाची शपथ आहे तुम्हाला, एवढी एकच वस्तू परत आणू नका, ही माझी डायरी —