जांबो म्हणणारी टोळी

शिरूर कासार, सोमवार

आमच्या वसतिगृहातल्या पोरांसाठी प्लायवूडचं चाक मी कापलं, मधे सायकलचं हब बसवलं, बावीस भाषांतले नमस्कार स्वतः रंगवले. कॉलेजचं तोंड न पाहता. एकेक उच्चार मोबाईलवर दहादा ऐकून तपासला. पण आजचं कौतुक माझं न्हाई, कावेरीचं.

आई-बाप ऊसतोडीला गेले तेव्हा ही नऊ वर्षांची पोर वसतिगृहात दोन दिवस जेवली नव्हती. मग तिनंच रीत काढली. चाक फिरवायचं, येईल तो नमस्कार संध्याकाळी माझ्या फोनवरून आईला शिकवायचा, आणि दुसऱ्या दिवशी आईनं तोच म्हणत फोन घ्यायचा. मला सुचलं असतं का हे? न्हाई.

काल स्वाहिलीतला 'जांबो' आलता. आज फोन लागला अन् आईमागं फडातली आख्खी टोळी ओरडली, "जांबो!"

कावेरी फुगली. "सगळ्यांना काहून शिकवलंस? तो तुझ्या एकटीचा होता."

"आगं, मुकादम बी जांबोच म्हणतोय आता!"

पोर हसली, अन् दोन भाकरी जेवली. जांबो. उच्चारही अगदी बरोबर होता टोळीचा.

दुपारी आष्टीच्या एका इंग्रजी शाळेचे संस्थाचालक आलते. चाक बघून, रोज संध्याकाळी आमच्या मुलांना या भाषा शिकवा म्हणाले. संध्याकाळी आमचा फोन असतो, मी म्हटलं. महिना पंधरा हजार देत होते.