शनीनं कडं उतरवलं त्याची गोष्ट

मु. पो. पेठ, ता. आंबेगाव
मार्गशीर्षातला पहिला रविवार

आदरणीय दाजी,

सयाजीचा दंडवत घ्यावा. आपला गुडघा जिना चढू देतो की अजून रुसलेलाच आहे, आणि आक्काची साखर (चहातली नव्हे, रक्तातली) ताळ्यावर आहे का, ते सवडीनं कळवावं. इकडे सगळी खुशाल. कांद्याची लागण चालू आहे, म्हैस गाभण आहे आणि आमची घरधनीण कुशाबाई माझ्यावर नेहमीइतकीच चिडलेली आहे, म्हणजे तिचीही तब्येत ठणठणीत.

आपण दिलेल्या दुर्बिणीतून मी आणि खताच्या दुकानातला गोकुळ (तोच, तुमच्या शाळेत विज्ञानात काठावर पास झालेला) दर हिवाळ्यात घराच्या स्लॅबवरून शनीचं कडं बघतो. ते वर्षावर्षाला बारीक होत चाललं होतं. आम्हाला वाटलं, दुर्बीण म्हातारी झाली. गोकुळनं भिंग काढून भांड्याच्या साबणानं धुतलं आणि उलटं बसवलं, तेव्हा शनीच काय, समोरच्या देवळाचा कळसही दिसेना. (आता सुलटं आहे, काळजी नसावी.) मग पुस्तकातून कळलं की कडं जागेवरच आहे. आपल्याकडे कड करून उभं राहिलं, एवढंच. भाकरी डोळ्यांपुढे आडवी धरली की नुसती कड दिसते, तसं. हे आपल्याला शिकवणं म्हणजे मोराला नाच शिकवणं, पण पुढे त्याचं काम आहे.

आमच्या लेकीचं, आरतीचं आपल्याला ठाऊकच आहे. अवसरी खुर्दच्या ऋतिकशी तिचं जमलंय, मुलगा चाकणला चांगल्या नोकरीत आहे, दोन्ही घरं राजी. अडलं होतं ते एकट्या प्रयागबाईंपाशी, म्हणजे ऋतिकच्या आजीपाशी. मुलाची रास मेष, मार्चात साडेसाती लागली, ती सुटेपर्यंत लग्न नाही. म्हणजे साडेसात वर्षं! आरती वरून हसायची आणि गोठ्यात जाऊन डोळे पुसायची. मला ते बघवत नव्हतं. म्हणून मी (कुशाबाईचं न ऐकता) निरोप धाडला की आजींना घेऊन या, शनी किती देखणा आहे ते दाखवतो, भीती पळून जाईल. सोबत कॅलेंडरवरचं शनीचं चित्रही पाठवलं. चांगलं जाडजूड कड्याचं. त्यावेळी माझी अक्कल कुठे चरायला गेली होती, कोण जाणे.

काल शनिवार. बिबट्यामुळे उशीर करायची सोय नाही, म्हणून दिवेलागणीलाच मंडळी आली. आजींनी पायऱ्यांपाशी चपला काढल्या, वर येऊन दुर्बिणीला हात जोडले आणि मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत वाटीभर तेल तिच्या तोंडावर ओतलं. शनिवारी शनीला तेल वाहायचं नाही तर काय करायचं? कुशाबाईनं पदरानं भिंग पुसलं. पुसताना माझ्याकडे जे बघितलं, ते लिहिण्यासारखं नाही. मग आजी वाकल्या. एका हातात कॅलेंडरचं चित्र. चित्र बघायच्या, शनी बघायच्या, पुन्हा चित्र.

"आवं पावणं, ह्याचं कडं कुठं हाय?"

गोकुळ "आजी, त्याचं असं असतंय..." म्हणून सुरू झाला, तोच आजी सरळ झाल्या आणि सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "कडं उतरून ठिवलंय त्यानं! गडी कामावरनं सुटला म्हणायचा. मग आमच्या पोराला कशाला धरून बसतोय? उरका लगीन, त्यानं परत घालायच्या आत."

दाजी, मी गोकुळच्या पायावर पाय दिला. ग्रहणात जेवावं म्हणून गावभर वाद घालणारा मी, मुकाट्यानं मान हलवली. आरतीचा चेहरा फुलला होता. मला फार आनंद झाला. रात्री तेलकट दुर्बीण पुसत बसलो आणि कितीदा हसलो.

आपला मेव्हणा,
सयाजी

ता. क. : साखरपुड्याला दोघांनी यायचंच. मात्र एक हात जोडून विनंती. गेल्या खेपेला पंगतीत लाडू-करंजी मांडून आपण ग्रहण समजावलंत, ते उत्तम होतं. या खेपेला कृपा करून पापडाचं कडं करू नये. आजी शेजारीच बसणार आहेत.

आणखी ता. क. : थोड्याच दिवसांत कडं पुन्हा रुंदावू लागेल. म्हणून दुर्बीण आपल्याकडे दुरुस्तीला दिली आहे, असं मी सांगणार आहे. कोणी विचारलं तर हो म्हणावं.

शेवटचा ता. क. : पत्र आरतीनं मागे उभं राहून वाचलं आणि मटकन खालीच बसली हसत. म्हणते, काल जिना उतरताना आजी तिच्या कानात बोलल्या, "मला सम्दं ठावं हाय गं. कडं आडवं झालंय ते ऋतिकनं मोबाइलवर कवाच दाखीवलं व्हतं. पर चारचौघांत न्हाई म्हणून बसले व्हते, आता व्हय म्हणायला कायतरी निमित नगं का?" तेव्हा दाजी, पापडाची विनंती तीच आहे. फक्त ती आता आजींपासून लपवायला नव्हे, आजींचं निमित्त राखायला समजावी.